आजीचं माहेर कोणतं?

दिवसभर कापूस वेचून, स्वयंपाकपाणी आटोपून ऐकत असाल त्यांना नमस्कार, आणि गटाच्या बैठकीत मधोमध मोबाइल ठेवून ऐकत असाल त्यांनाही नमस्कार. मी बोरी अरबची. आज आजीबद्दल बोलणार आहे. आधी माझ्या आजीबद्दल, आणि मग एका मोठ्या आजीबद्दल, जिचं नाव तुमच्यापैकी काहीजणींनी शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल.

माझी आजी दोन वर्षांआधी गेली, नाताळाच्या तोंडावर. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात माणूस गेलं की माती दिल्यावर काही दिवसांनी स्मरणार्थ उपासना ठेवतात. गीतं होतात, शास्त्रवाचन होतं, पाळकसाहेब गेलेल्या माणसाचं जीवनवृत्त वाचून दाखवतात, मग घरचे लोक उठून दोन शब्द बोलतात आणि देवाचे आभार मानतात. रडारड असते, पण ती उपासना मुळात आभाराची असते. असं माणूस आम्हाला दिलं म्हणून आभार.

तर उपासनेच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब वही घेऊन घरी आले. आम्ही सात नातवंडं ओसरीवर बसलेलो. त्यांनी विचारलं, "आजीचं पूर्ण नाव?" सांगितलं. "जन्म?" आधार कार्डावर होता तो सांगितला, तोही 1 जानेवारी, म्हणजे शाळेत न गेलेल्या सगळ्यांचा असतो तोच. "माहेर कोणतं?"

सातजण गप्प.

मोठा भाऊ म्हणाला, दिग्रसकडचं असावं. माझी चुलतबहीण म्हणाली, नाही, आर्णीकडचं. माझे वडील, म्हणजे आजीचा सख्खा मुलगा, खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "माय इकडलीच होती. तिचे मायबाप लहानपणीच गेले, मावशीनं वाढवली. मावशीचं गाव... मी कधी इचारलंच नाही." पाळकसाहेबांनी वहीत रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली. आम्ही सातही जण एकामागून एक उठलो. पहिला म्हणाला, आजी प्रेमळ होती, प्रार्थनेची बाई होती, कष्टाळू होती. दुसरीही तेच म्हणाली. मी पाचवी होते. मीही तेच म्हटलं. खोटं कोणीच बोललं नाही. पण खाली बसल्यावर माझ्या मनात आलं की हे तीन शब्द तर त्या कब्रस्तानात झोपलेल्या कोणत्याही म्हातारीला लागू पडतात. आमची आजी त्यात कुठे होती?

आमची आजी अशी होती. स्वयंपाकाला बसायच्या आधी ती ज्वारीच्या पिठाची एक मूठ बाजूला काढून डब्यात टाकायची. घरात पीठ कमी असलं तरी टाकायची. महिन्याच्या शेवटी तो डबा कुणाच्या तरी घरी रिकामा व्हायचा. ते घर ख्रिस्ती होतं, बौद्ध होतं की मुसलमान, हे तिनं कधी पाहिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, तरी गीतांचं पुस्तक उपासनेत हातात धरायची, कधीकधी उलटं. गीत मात्र एकही ओळ न चुकता म्हणायची. आणि एका नणंदेशी ती अकरा वर्षं बोलली नव्हती, हेही खरं आहे. मग एका गुड फ्रायडेला उपासना संपल्यावर तशीच उठून पायी तिच्या घरी गेली. काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही. संध्याकाळी परत आली तेव्हा पदरात नणंदेच्या परसातली वांगी होती.

यातलं एक अक्षरही उपासनेत कोणी सांगितलं नाही. भांडणाची गोष्ट देवाच्या घरात कशी सांगायची, असं वाटलं असेल. पिठाची मूठ तर इतकी रोजची होती की ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आता त्या मोठ्या आजीकडे येते. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं पुस्तक. माझ्या आजीच्या दुःखात मला हे पुस्तक पुन्हा आठवलं, आणि यावेळी मी ते नात म्हणून वाचलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. बघा, दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईचं माहेर मी तुम्हाला एका दमात सांगितलं आणि माझ्या स्वतःच्या आजीचं मला सांगता आलं नाही. घर सोवळ्याचं, आणि वडिलांचं सोवळं तर हद्दीबाहेरचं. बाजारातून आलेलं धान्यधुन्य धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. शाळा नाहीच. 1880 साली, अकरा-बारा वर्षांच्या असताना, नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी. मनाने मोठे, हाताने सढळ, आणि रागाचे तिखट. आज इथे तर उद्या तिथे. घरात पैसा टिकायचा नाही. घरखर्चाचे पैसे हातात दिले तर ते कोणाला देऊन येतील याचा नेम नसायचा. लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकवलं तेही नवऱ्यानेच, तेही अर्धवट.

आता यातला एक धागा आपल्याकडचा आहे, तो ऐका. टिळक काही काळ नागपुरात होते. तिथून राजनांदगावला नोकरीसाठी आगगाडीने जाताना त्यांना डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. दोघांचं बोलणं झालं आणि त्या गृहस्थांनी टिळकांना नवा करार भेट दिला. ते गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. याच मिशनचं काम पुढे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात रुजलं. यवतमाळला 1953 साली जी सेमिनरी सुरू झाली आणि 1983 साली पुण्याला गेली, तीही आपल्या जुन्या लोकांना आठवत असेल. म्हणजे नाशिकच्या त्या सोवळ्या घरातली लक्ष्मीबाई आणि इकडे आमच्या मंडळीत उलटं पुस्तक धरून गाणारी माझी आजी, या दोघींच्या आयुष्यात वारं एकाच बाजूने आलं होतं. आजी जी गीतं तोंडपाठ म्हणायची, त्यातली कितीतरी टिळकांचीच. हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिला फार आनंद झाला असता. मला ते माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. सुचलंच नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितलं नव्हतं. विचार करा बायांनो, त्या काळातली ब्राह्मणाची बाई, पदरात लहान मुलगा दत्तू, आणि नवरा धर्म सोडून गेल्याची बातमी येते. तिनं आकांत केला. दुःखाने खंगली. पुढची काही वर्षं ती मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिली, त्यातली बरीचशी पंढरपुरात. नवऱ्याचा राग, नवऱ्याची ओढ, लोकांची बोलणी, सगळं एकाच वेळी.

आणि हे सगळं तिनं म्हातारपणी जसंच्या तसं सांगितलं आहे. पुढे ती स्वतः ख्रिस्ती झाली, 1900 साली. मनात आणलं असतं तर तिला म्हणता आलं असतं की मला पहिल्यापासून सगळं कळत होतं. पण तिनं तसं केलं नाही. आपण किती चिडलो, किती रडलो, नवऱ्याच्या घरी परत आल्यावरही वेगळं सोवळं कसं सांभाळलं, पाणी कसं वेगळं ठेवलं, ते सांगितलं. मग एका रात्री विचार करता करता तिला वाटलं की देवाने तर माणूस केला, जात कुठे केली? आणि त्यानंतर ती कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागली. वडिलांनी धान्य धुवायला लावलेली मुलगी! हे कोणी तिच्यावर लादलं नाही. नवऱ्याच्या बोलण्यानेही झालं नाही. तिचं तिनं ठरवलं. माझ्या मते त्या पुस्तकातली खरी साक्ष ही आहे, बाप्तिस्म्याची तारीख नव्हे.

पुढे नगरला त्यांचं घर पोराटोरांनी भरलेलं असायचं. कोणी शिकायला आलेलं, कोणी अनाथ. कवी बालकवी ठोंबरे, ते सुद्धा काही काळ या घरात राहिलेले. 1919 साली टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं काव्य, येशू ख्रिस्ताचं चरित्र, अपुरं राहिलं होतं. दहा-अकरा अध्याय झालेले. शाळेत न गेलेल्या या बाईने पुढचे साठाहून जास्त अध्याय रचले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून चहा करायला उठले होते. बसवेचना.

पण मला आज सांगायचं आहे ते वेगळंच. 'स्मृतिचित्रे' झालं कसं? लक्ष्मीबाई काही एक दिवस उठून आत्मचरित्र लिहायला बसल्या नाहीत. मुलाने, देवदत्तांनी, वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी विचारल्या. आई सांगायला लागली आणि बापाच्या चरित्रापेक्षा आईचं सांगणंच भारी निघालं! 1934 पासून ते भागाभागाने पुस्तकरूपाने येऊ लागलं. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्तांनी पुरा केला. आणि त्यानंतर नातवाने, अशोक देवदत्त टिळक यांनी, आजीचं ते पुस्तक संपूर्ण, टिपा देऊन, नव्याने संपादित केलं.

नातवाचं हे काम लोकांच्या डोळ्यात भरत नाही. पण मला विचाराल तर आजीचे आभार मानण्याची याहून चांगली रीत मी पाहिली नाही. म्हातारी माणसं बोलतात कशी ते तुम्हाला माहीत आहे. "त्या वर्षी पाऊस झाला नव्हता तेव्हा", "तुझा काका रांगत होता तेव्हा". साल नाही, तारीख नाही. "ते साहेब" म्हणजे कोणते, "ते गाव" म्हणजे कोणतं, हे तिला ठाऊक, आपल्याला नाही. नातवाने बसून ती माणसं, ती गावं, ती सालं जुळवली. आजीच्या शब्दाला हात लावला नाही, तिची भांडणं झाकली नाहीत, तिला देवी केलं नाही. जे तिनं सांगितलं ते पुढच्या माणसाला कळावं एवढंच केलं. आज तिचं पुस्तक इंग्रजीतही आहे. शांता गोखले यांनी केलेलं भाषांतर 2017 साली आलं. जलालपूरच्या मनकर्णिकेचं बोलणं जगात कुठेही वाचता येतं, कारण एका मुलाने विचारलं आणि एका नातवाने जपलं.

आमच्या शास्त्रात, नव्या करारात, आजी म्हणून नाव घेतलेली बाई एकच आहे. लोईस तिचं नाव. संत पौल तीमथ्याला पत्र लिहितो, तेव्हा तो म्हणतो की तुझ्यातला विश्वास आधी तुझ्या आजीत होता, मग तुझ्या आईत. बस, एवढाच उल्लेख. लोईस काय करायची, कशी बोलायची, एका ओळीनेही सांगितलेलं नाही. उपासनेत हे वचन नेहमी वाचलं जातं, आमच्या आजीच्या वेळीही वाचलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तीमथ्याने आजीबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर!

तर उपासनेनंतर महिनाभराने आम्ही बहिणी एकत्र बसलो. ज्या मावशीने आजीला वाढवलं, तिची एक मुलगी अजून आहे असा पत्ता लागला. नेर तालुक्यातल्या एका खेड्यात, आजीची मावसबहीण, वय ऐंशीच्या वर. आम्ही दोघीजणी एस.टी.ने गेलो. मोबाइलवर आवाज टिपून घ्यायचं ठरवलं होतं.

पहिली चूक अशी केली की गेल्या गेल्या मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला आणि म्हटलं, "आजी, आमच्या आजीच्या जीवनाबद्दल सांगा." ती म्हणे, "काय सांगू? चांगली होती बिचारी. देवाची होती." तेच! आमच्या सात भाषणांसारखंच. चूक तिची नव्हती, प्रश्नच वांझोटा होता. मग माझी बहीण शहाणी, तिनं मोबाइल बाजूच्या पाटावर ठेवला, तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या आणि विचारलं, "आजी, तुमच्या घरी पाणी कुठून आणत होते?"

आणि म्हातारी सुटली. पाणी नदीवरून, मग वाटेतलं ते चिंचेचं झाड, मग त्या झाडाखाली आमच्या आजीने फोडलेला हंडा, मग त्याबद्दल पडलेला मार, मग मार देणाऱ्या मावशीने रात्री उठून पोरीच्या पाठीला लावलेलं तेल आणि रडत केलेली प्रार्थना. पोरीला वाटलं ती झोपलेली आहे, असं मावशीला वाटत होतं. ती झोपलेली नव्हती. आजीने ही गोष्ट म्हणे पुष्कळ वर्षांनी बहिणीला सांगितली होती आणि म्हटली होती, "त्या रात्री मले समजलं देव कसा असते."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. आजीने आमच्यावर कधी हात उगारला नाही, आणि कोणी रडलं की ती पाठीला तेल लावायची. पडलं, ताप आला, परीक्षेत नापास झालं, काहीही होवो, तेल पाठीलाच. आम्ही हसायचो तिला.

पुढे आणखी एक निघालं. त्या मावशीची आई, म्हणजे आमच्या आजीचीही आजी, दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आलेली पोर होती. 1899-1900 चा तो मोठा दुष्काळ, वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली तो. तिचे मायबाप कोण, गाव कोणतं, हे तिलाही माहीत नव्हतं. म्हणून आमच्या घरात माहेर विचारायची रीतच पडली नाही. ज्या बाईला स्वतःचंच माहेर ठाऊक नाही, ती लेकीला काय सांगणार? आजी "इकडलीच" का म्हणायची, ते मला तेव्हा उमगलं. आणि पिठाची ती मूठ! मी काही शपथेवर सांगू शकत नाही की ती मूठ दुष्काळातल्या त्या पोरीपासून आली. पण मावसआजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली की आमच्याकडे सगळ्याच काढत होत्या, आणि उठून तिनं चुलीजवळचा स्वतःचा डबा दाखवला.

तुमच्यापैकी ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांनी असं समजू नये की हे फक्त आमच्या मंडळीतलं आहे. प्रत्येकीच्या घरी अशी एक म्हातारी आहे. तिच्या तोंडात जात्यावरच्या ओव्या असतील, दीक्षेच्या वर्षाच्या आठवणी असतील, दर्ग्याचा उरूस असेल. आमच्या गटात आता महिन्याच्या बैठकीत हिशोब झाला की एकजण घरच्या म्हातारीचा टिपलेला आवाज ऐकवते. दहा मिनिटं, जास्त नाही. दोन गोष्टी आम्ही चुकून-चुकून शिकलो, त्या सांगून ठेवते. म्हातारी बोलताना मधे दुरुस्त करायचं नाही, साल चुकलं तरी. आणि घरातल्या कर्त्या माणसासमोर विचारायचं नाही, कारण मग ती बोलत नाही, तोच बोलतो. एक सासूबाई तर सुनेला म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली मले या घरात, अन् तू पयलीच इचारणारी." सून गटात सांगताना रडली. त्या सासूसुनेचं फार पटतं अशातलाही भाग नाही.

आजी गेली त्याला यंदा नाताळात दोन वर्षं पूर्ण होतील. घरी आम्ही पुन्हा छोटी प्रार्थना ठेवणार आहोत. पाळकसाहेबांच्या वहीत जिथे रेघ ओढली होती, तिथे आता एका गावाचं नाव लिहिलं आहे. मावसआजीने सांगितलेलं, नेरच्या पलीकडचं, नदीकाठचं. त्या गावात आता आमचं कोणी नाही. चिंचेचं झाड आहे की नाही तेही पाहिलं नाही अजून. यावेळी बोलायला उठले की मी हंड्याची गोष्ट सांगणार आहे, आणि बहीण अकरा वर्षांच्या अबोल्याची. वडिलांना विचारून घेतलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वांग्याचंही सांगजा."

मावसआजीचं एक तास चाळीस मिनिटांचं बोलणं मोबाइलमध्ये आहे. शेवटी शेवटी शेंगा संपल्या, एस.टी.ची वेळ झाली, आम्ही पाया पडून निघालो. ती दारापर्यंत आली आणि तिनं विचारलं, "ते यंत्रात माहा आवाज गेला काय सगळा?" म्हटलं, गेला. ती म्हणे, "मंग पुढच्या खेपेले लवकर येजा. माह्या बापाचं त सांगायचंच रायलं. अन् येताना सुपारी आणजा, बारीक कातरलेली, मले आता चावत नाही."

या महिन्यात जाणार आहोत. सुपारी घेऊन ठेवली आहे.